त्रेसष्ट नोंदी

ठमीने बाईंच्या मनगटात दात रुतवले ते भागाकाराच्या तासाला, आणि सोडवायला तीन माणसं आणि पाण्याचा एक जग लागला. शिपायाने कंबर धरली, हेडसरांनी जबडा धरला, शेजारच्या वर्गातल्या सरांनी थंडगार पाणी डोक्यावर ओतलं, तेव्हा कुठे दात सुटले. बाईंचं रक्त फळ्याखालच्या खडूच्या भुकटीत टपटपत होतं. ठमी ओल्या केसांनी भिंतीवर कपाळ आपटत होती आणि वर्गातली तीस पोरं बाकांवर चढून ते बघत होती.

मावशीला कारखान्यात फोन गेला. अंगावरचा तेलकट एप्रन न सोडताच ती आली, आणि भिंत नि ठमीचं कपाळ यांच्या मधे तिने आपला डावा पंजा घातला. पुढचे सात-आठ दणके त्या पंजावर बसले. त्या हाताचं मधलं बोट मुळात अर्धंच होतं, बाकीच्यांची सालं निघाली. मग ठमी दमली आणि मावशीच्या पोटाला डोकं लावून उभी राहिली.

"वहीत लिहिलं का?" मावशीचा पहिला प्रश्न.

बाई मनगटाला रुमाल गुंडाळत होत्या. "अहो, राहू द्या आजचं. तिच्या हातातली पेन्सिल मीच हिसकावली. माझंही चुकलंच."

"असं नका करू बाई. लिहा. तारीख, वेळ, टाके किती पडतील ते. मी सही करते."

बाईंनी लिहिलं, मावशीने सही ठोकली. ही एकेचाळिसावी नोंद होती.

ठमी अकरा वर्षांची, मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. अंगाने थोराड, चालायला संथ, म्हणून ठमी. तिच्याकडे शब्द होते मोजून दहा-बारा, आणि तेही अडचणीच्या वेळी तिला सापडत नसत. मग ती दातांनी बोलायची. आठ महिन्यांपूर्वी ताई तिला घेऊन आली तेव्हा ठमीच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं. ताई दोन तास बसली, चहासुद्धा अर्धाच प्यायली, आणि परत नवऱ्याकडे निघून गेली. मावशीने दारात तिचा दंड धरला, तर म्हणाली, "मी नाही गेले तर तो इथे येईल." मावशीने दंड सोडला, आणि त्या सोडण्याचा राग तिला अजून होता.

आता ही वहीची काय भानगड, ते सांगायला हवं. मावशी पत्रा कापणाऱ्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होती. वरून दांडा खाली येतो, पत्र्याचा तुकडा पडतो, दांडा वर जातो, दिवसातून हजारो वेळा. तिच्या आधी अकरा बायकांची बोटं त्या यंत्राने खाल्ली होती. फोरमन चिंधी बांधून घरी पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी करायचा. मावशीचं अर्धं बोट गेलं तेव्हा एका म्हाताऱ्या कामगाराने तिला कानमंत्र दिला: लिहायला लाव. साधा ओरखडा निघाला तरी अपघाताच्या वहीत लिहायला लाव आणि खाली सही कर. सहा महिने तिने फोरमनचं डोकं खाल्लं. मग तपासणीचा साहेब आला, त्याने पानं उलटली, उलटतच राहिला, आणि महिन्याभरात प्रेसला लोखंडी जाळी बसली. त्यानंतर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही.

म्हणून शाळेत घटनांची वही असते असं कळल्यावर मावशीला हायसं वाटलं. धोका जितका नीट लिहिला जाईल तितकी मदत लवकर मिळेल, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाई कनवाळू होत्या, निम्म्या गोष्टींकडे कानाडोळा करायच्या. मावशी त्यांना तसं करू देत नव्हती. चावा, लाथ, फुटलेली काच, उपटलेले केस, सगळं तिने लिहायला लावलं. पण एक साधी गोष्ट त्या शहाणीच्या लक्षात आली नाही. यंत्र कारखान्याला हवं असतं, म्हणून त्याला जाळी बसवतात. ठमी शाळेला हवी होती का, हे तिने विचारलंच नव्हतं.

आणि त्या वहीत विद्यार्थ्याने काय केलं एवढाच रकाना होता. विद्यार्थ्याला काय केलं, याला जागाच नव्हती. बाई टाके घालून घेऊन रजेवर गेल्या तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या मास्तराने ठमीला उडी मारायच्या दोरीने बाकाला बांधून ठेवलं. घरी आंघोळ घालताना मावशीला दोन्ही मनगटांवर दोरीचे पीळ उमटलेले दिसले, जांभळे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी तिने मास्तराला कॉलरने धरून कपाटावर आदळलं. कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली पडून त्याच्या पायावर फुटला.

"पुन्हा दोरी हातात घेतलीस तर तीच तुझ्या गळ्यात बांधीन," ती म्हणाली.

मास्तराने दोरी सोडली, पण ठमीच्या दोन जास्तीच्या नोंदी केल्या. मावशीने त्यावरही सही केली, कारण त्या खोट्या नव्हत्या.

मागणी काय होती? फार मोठी नव्हती. दिवसाचे तीन तास ठमीपाशी बसणारी विशेष शिक्षिका, आणि आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणारं कुणीतरी. असं मिळतं, कायद्यात आहे, हे बाईंनीच हळूच सांगितलं होतं. हेडसरांनीही मुदत घातली होती: सत्र संपेपर्यंत मदत आली नाही, तर मुलगी शाळेत नको.

मावशी शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मूल कुठे राहतं?"

"माझ्याकडे."

"तुम्ही आई?"

"मावशी."

"मावशी म्हणजे पालक नव्हे. आई-वडील राहतात तिथल्या कार्यालयात जा."

ती चार तास बसने तिथे गेली. तिथला कारकून हसतमुख होता. "बाई, मूल इथे राहतच नाही, तर शिक्षिका आम्ही कुणापुढे बसवू? रिकाम्या खुर्चीपुढे?"

ती परत आली. तिसऱ्या खेपेला पहिल्या कारकुनाने खालच्या खणातून एक फॉर्म काढला, घरापासून दूर राहणाऱ्या मुलांसाठीचा. म्हणजे तो होताच, पहिल्या दिवसापासून त्याच्या गुडघ्याजवळ पडलेला. मावशीने ओठ चावला आणि फॉर्म घेतला. तळाला दोन सह्या हव्या होत्या, आईची आणि बापाची.

"बापाची नाही मिळाली तर?"

"मग समिती कारण लिहून मान्य करू शकते. पण कारण पटलं पाहिजे."

"त्याने पोरीचं हाड मोडलंय."

"तसा कागद आहे?"

कागद होता. त्यावर मुलगी जिन्यावरून पडली असं लिहिलेलं होतं, आणि ते ताईनेच दवाखान्यात सांगितलेलं होतं.

दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढी चाकं चिमट्याने उचलायची, हे त्यांचं काम, आणि हात असा स्थिर की बघत राहावं. माणूस मृदू बोलायचा. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. शेजारीपाजारी म्हणायचे, काय देवमाणूस मिळाला. मावशीने लग्नात एकदा त्यांच्या फेट्याला हसून घेतलं होतं, मेव्हणीचा हक्क म्हणून. दाजींनी तेव्हा नुसतं स्मित केलं. आठवड्याने ताई माहेरी आली ती डावा कान झाकूनच, आणि त्या कानाने तिला पुढे कधी ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून मावशीला या माणसाविषयी दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, त्याला बाईचं हसणं सहन होत नाही. दोन, तो हिशोब घरी जाऊन चुकता करतो, चारचौघांत कधीच नाही.

मदत मंजूर करणाऱ्या समितीने सगळ्यांनाच बोलावलं, सकाळी अकराला, हेडसरांच्या खोलीत. टेबलामागे समितीचे साहेब, त्यांच्या उजवीकडे मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या मॅडम, डावीकडे हेडसर. दाराजवळ स्टुलावर शिपाई. बाकी खुर्च्यांवर दाजी, ताई आणि मधे ठमी. दाजींनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. खोलीत येताना त्यांनी ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ठमी खुर्चीवर बसली ती बसलीच. मांडीवर हात, बोटं जुळवलेली, नजर जमिनीवर. चाळीस मिनिटं पापणीशिवाय तिचं काही हललं नाही.

साहेबांनी वही उघडली. "त्रेसष्ट नोंदी. चार महिन्यांत. आणि प्रत्येकीखाली तुमचीच सही आहे, बरोबर?"

"हो," मावशी उभ्याने म्हणाली. "म्हणून तर शिक्षिका हवी. बघा ना, किती गरज आहे ते."

"मला यातून असं दिसतं की मुलगी इतरांना धोकादायक आहे. हे तुम्हालाही मान्य आहे, त्रेसष्ट वेळा." साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त वाचलेलं खरं मानणारा होता. "तीन तासांच्या शिक्षिकेने हे आवरेल? मला तर वाटतं तुमच्याकडे राहणंच तिला मानवत नाही. घरी काय परिस्थिती असते?"

दाजी किंचित पुढे झुकले. "घरी काहीच त्रास नाही, साहेब. बसवलं तिथे बसते. आजवर कुणाला नख लावलेलं नाही. मेव्हणीने हौसेने नेली, आम्ही नको म्हटलं नाही. पण आता पोरीचे हाल बघवत नाहीत."

"आई, तुमचं काय म्हणणं?"

ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "घरी शांत असते."

"आत्ताही किती शांत बसली आहे," साहेब मॅडमना म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "शिकण्याची क्षमता अत्यल्प, इतरांस धोका, पालकांच्या ताब्यात परत. असं लिहू या?"

जी वही तिने पै पै जमवावी तशी भरली होती, तीच ठमीला उचलून त्या माणसाच्या हातात देत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की हे शांत बसणं नाही, ही पोर भीतीने दगड झालेली आहे. पण ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? कागद नव्हता. साक्षीदार नव्हता. ताई होती, ती तोंड उघडणार नव्हती. साहेबांचं पेन कागदावर चालू लागलं.

आणि मावशी हसली. खोटं खोटं सुरू केलं, पण मग तिला खरंच हसू फुटलं, पोट धरून.

"दाजी, शर्ट कुणी इस्त्री केला हो? भिंग लावून केली का? कॉलर बघा, एक कान वर, एक खाली."

"शोभत नाही हे," दाजी मऊ आवाजात म्हणाले.

"बाई, इथे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"काही नाही साहेब, मेव्हणीची थट्टा. यांची सही लागते म्हणून यांना बोलावलं. नाहीतर यांना विचारतं कोण? हसतात लोक." ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "खुद्द ताईसुद्धा हसते. पाठ वळली की आम्ही दोघी हसतो."

ताईने झटकन मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दाजी उठले. अजून ते स्वतःला धरून होते, जबड्याजवळची शीर तेवढी टरारली होती. मावशीने हात पुढे केला आणि लहान पोराला थोपटावं तसं त्यांच्या गालावर दोनदा थोपटलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. तिने यापूर्वी कारखान्यात एका माणसाचं नाक फोडलं होतं, मास्तराला कपाटावर घातलं होतं. आज तिच्या हाताचा धक्काही या माणसाला लागता कामा नये, बघणाऱ्यांना एकच मारणारा दिसला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिली मूठ तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. दुसरी कानाखाली. ती कलली तसं त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आणलं, एकदा, पुन्हा एकदा, अगदी मोजूनमापून, चाकं बसवणाऱ्या त्या स्थिर हाताने. साहेबांचा चहा कलंडून वहीवर सांडला. मॅडम किंचाळल्या. शिपायाने स्टूल ढकललं आणि मागून मिठी घातली, हेडसरांनी हात पिरगाळला, तरी केस सुटेनात. मावशीचे हात मात्र शेवटपर्यंत पाठीमागेच होते.

केस सुटले आणि ती गुडघ्यांवर आली. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. उजव्याने तिने आधी ठमीला शोधलं. तिला वाटलं होतं, पोर भिंतीवर डोकं आपटत असेल, नाहीतर टेबलाखाली शिरली असेल.

ठमी खुर्चीवरून उठली होती. ती शांतपणे चालत आली, मावशीच्या शेजारी एक पाऊल अंतर सोडून उभी राहिली. दोन्ही वेण्या तिने पाठीवर टाकल्या. हात मागे नेऊन एकमेकांत अडकवले, मावशीने अडकवले होते तसेच. दात आवळले, डोळे मिटले आणि हनुवटी बापाच्या दिशेने वर केली.

खोलीत कुणालाच काही कळेना.

"ही काय करतेय?" साहेबांनी विचारलं.

ताई बोलली. अगदी साध्या आवाजात, शेजारणीला नळाची वेळ सांगावी तशी. "आता तिचा नंबर. घरी पहिली मी असते, माझ्यानंतर ती. हात मागे घ्यायचे, नाहीतर मार पुन्हा पहिल्यापासून." मग तिलाच आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. तिने चांगला कान दोन्ही हातांनी दाबून धरला आणि ती मोठ्याने रडू लागली, आणि रडता रडता जिना, हाड, कान, सगळं सांगून मोकळी झाली. दाजी शिपायाच्या मिठीतून म्हणाले, "तू घरी चल." ताई म्हणाली, "नाही येत." मावशीला ते दोन शब्द दातांच्या ठणक्यातूनही गोड लागले.

पुढचं भराभर झालं. पोलीस आले, दाजींना घेऊन गेले. मॅडमनी रुमाल ओला करून मावशीच्या डोळ्याला लावला. साहेबांनी ओल्या वहीखालून फॉर्म ओढला, बापाच्या सहीच्या जागी आडवी रेघ मारली, कारण लिहिलं, चांगलं सात-आठ ओळी लिहिलं, आणि ताईपुढे पेन धरलं. ताईने सही केली. तीन तास शिक्षिका, आठवड्यातून दोनदा वाचा शिकवणारी, मुक्काम मावशीकडे. मंजूर.

मावशीला आनंद झाला का? झाला. पण ती वळली तर ठमी अजून तिथेच उभी होती. डोळे मिटलेले, हात मागे, हनुवटी वर.

"ठमे, झालं बाळा. तो गेला. बस आता."

ठमी हलली नाही. मावशीने तिचे खांदे धरले, लाकडासारखे लागले. ताईने येऊन तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, एकेक करून. सोडवलेलं बोट ती पुन्हा अडकवायची. मॅडमनी खिडकी उघडली, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तिच्या पायांवरून लघवी ओघळली तरी तिने पाय हलवला नाही.

मावशी फुटलेल्या तोंडाने तिच्यासमोर फरशीवर बसून राहिली. आपण ही पोर त्या घरातून काढली की पुन्हा त्याच घरात उभी केली, ते तिला कळेना. शिकण्याची क्षमता अत्यल्प असं लिहिलेला साहेबांचा अर्धवट कागद अजून टेबलावर पडला होता. मार मिळाल्याशिवाय जागा सोडायची नसते, एवढं ठमीला घरी शिकवलेलं होतं, आणि ते तिला पूर्ण येत होतं.